आजऱ्यातला काळा ठिपका

काय काम करत होता असं कुणी विचारलं की मी आधी "कॉलेजात शिकवत होते" एवढंच सांगते. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. कुणी आणखी खोदून विचारलंच, तर सांगते, "धुळीत लपलेले फुटके तारे शोधत होते." मग समोरचा माणूस चहा घेतो, विषय बदलतो किंवा तळहात पुढं करतो. तळहात पुढं करणारे जास्त. कोल्हापुरात मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. त्या काळात मुलीचं लग्न कधी जुळेल हे विचारायला जेवढी माणसं माझ्याकडं आली, तेवढी उष्णतेचे नियम विचारायला आली नाहीत.

आमचं घर शिरोळकडचं, जैन, शेतकऱ्याचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं. अशा घरातली मुलगी ताऱ्यांच्या मागं लागली म्हणजे रात्रीबेरात्री भटकणार, या काळजीनं आईनं किती उपास केले देव जाणे. ते सगळे वाया गेले. डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी मी आयुष्यात दोनदाच जाऊन राहिले. बाकीची वर्षं मी आकाश पाहिलं ते सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच, आमच्या विभागामागच्या खोलीत, जिथं पूर्वी मोडकी बाकं ठेवत असत. खिडकीबाहेर सायकल स्टँड, आत एक संगणक, एक लोखंडी कपाट आणि मी.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं मोठं गाव. आपली आकाशगंगा हे त्यातलंच एक. काही गावांत नवे तारे फार झपाट्यानं जन्माला येतात. त्यातले जे वजनानं दांडगे असतात ते फार जगत नाहीत. इंधन भराभर जाळतात आणि शेवटी स्फोट होऊन संपतात. त्याला सुपरनोव्हा म्हणायचं. जिथं असे दांडगे तारे ढिगानं जन्मतात, तिथं काही वर्षांनी एखादा तरी फुटायलाच पाहिजे. पण साध्या दुर्बिणीतून बघणाऱ्यांना ते सापडत नव्हते, कारण ज्या धुळीतून तारे घडतात तीच धूळ त्यांच्याभोवती दाटलेली असते आणि त्यांचा उजेड बाहेर येऊ देत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीच्या दारात उभं राहा. आत धूर आणि धूळ इतकी असते की भट्टी दिसत नाही, पण तोंडावर धग लागतेच. त्या धगीच्या जातीचा जो प्रकाश, त्याला अवरक्त म्हणतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण धुळीतून बराचसा पार होतो. तो टिपणारे कॅमेरे नव्वदच्या दशकात कुठं हाताशी येऊ लागले होते, आणि डोंगरावरच्या दुर्बिणीच्या लोकांनी व मी मिळून त्या कॅमेऱ्यातून धुळीच्या आत बघायचं ठरवलं होतं.

पद्धत वजाबाकीची. एका दीर्घिकेचं आधी एक चित्र घेऊन ठेवायचं. त्याला आम्ही संदर्भ म्हणायचो. मग वर्षातून दोनदा त्याच दीर्घिकेचं नवं चित्र घ्यायचं, दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसवायची आणि नव्यातून जुनं वजा करायचं. जे जुनंच आहे ते सगळं जातं. मध्ये एखादा तारा फुटला असेल तर पडद्यावर एक पांढरा ठिपका उरतो. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन रात्रींची हवा सारखी नसते, एक चित्र स्वच्छ, दुसरं पुसट, आणि ती जुळवता जुळवता माणसाचं डोकं उठतं.

आमच्या यादीत चाळीस दीर्घिका होत्या. त्यांची संदर्भचित्रं मीच त्या दोन खेपांत डोंगरावर बसून घेतली होती, आणि त्याचा मला फार अभिमान होता. हा अभिमान लक्षात ठेवा. पुढची नवी चित्रं तिथले लोक घेत आणि संगणकाच्या तबकड्यांवर भरून रजिस्टर पोस्टानं पाठवत. चाळीस दीर्घिकांचे लांबलचक क्रमांक लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना आपल्या जिल्ह्यातल्या गावांची नावं दिली. एक कागल, एक गारगोटी, एक मुरगूड, एक आजरा. "गारगोटीत काही नाही, मुरगूड पुसट आलंय," असं डोंगरावरच्या लोकांशी फोनवर आमचं बोलणं चाले.

विभागाचे शिपाई शामराव. हे बोलणं ऐकून ते बरेच दिवस गप्प होते. एक दिवस चहाचा कप ठेवून तिथंच उभे राहिले.

"बाई, आजऱ्यात काय हुडकताय म्हणायचं?"

"तारा फुटलाय का ते बघतेय, शामराव."

"माझी सासुरवाडी हाय की तिथं. फुटलं असतं तर मेव्हण्यानं सांगितलं असतं."

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण नंतर दर तबकडी आली की ते विचारायचेच, "आजऱ्यात फुटला काय?" मी म्हणायची, "नाही अजून." त्यांना बरं वाटायचं असं वाटतं.

पहिलं संकट आलं ते मुरगुडात. तिसऱ्या का चौथ्या तबकडीत मुरगूडच्या वजाबाकीत एक सुंदर गोल पांढरा ठिपका उरला. मी जन्मात एवढी हरखले नव्हते. दोन दिवस तपासत बसायला हवं होतं, ते सोडून मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. तिथं एका सायंदैनिकाचा वार्ताहर दुसऱ्याच कामासाठी बसला होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली, आणि तिसऱ्या दिवशी पटका बांधलेले एक गृहस्थ विभागाच्या दारात उभे. शामराव त्यांना आत घेऊन आले.

"बाई, हे पावणं मुरगूडचं हाईत. तारा कुणाच्या रानात पडला इचारत्यात."

त्या गृहस्थांना मी पाणी दिलं, चहा दिला, अर्धा तास चित्रं दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाले, "म्हंजी आमच्याकडं कायबी न्हाय. मग नाव कशाला घेतलं गावाचं?"

त्याहून वाईट म्हणजे आठवड्यानं कळलं की मुरगुडात खरंच काही नाही. अवरक्त कॅमेऱ्याला एक खोड असते. आधीच्या चित्रात एखादा फार झगझगीत तारा येऊन गेला असेल, तर त्याचा उजळ ठसा पुढच्या चित्रातही थोडा वेळ राहतो. आपण दिव्याकडं बघून डोळे मिटले की दिवा दिसत राहतो, तसंच. मुरगूडच्या आधी कॅमेरा अशाच एका ताऱ्यावर होता. माझा सुपरनोव्हा म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं आलेली चमक निघाली. प्राचार्य बोलले नाहीत, पण संमेलनात मुलांनी माझ्यावर प्रवेश बसवला. त्यातला शिपाई मात्र शामरावांपेक्षा बरा होता.

त्यानंतर मी कडक झाले. एक यादी केली आणि तिला नाव दिलं 'दुर्लक्ष यादी'. पडद्यावर जिथं जिथं संशयास्पद, परत परत येणारे ठिपके दिसतात, ती जागा या यादीत टाकायची आणि पुन्हा तिकडं बघायचं नाही. पुन्हा हसं व्हायला नको होतं मला.

बसवराज आला तो या यादीनंतर. पूर्वी माझाच विद्यार्थी होता. गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावचा. लिंगायत घर, वडिलांचं कापडाचं दुकान, घरात बोलणं कन्नड. एम.एस्सी. करून तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लागला होता. तिथं लोखंडाचे ओतीव भाग होत, आणि ते आतून पोकळ राहिलेत का हे एक्स-रे काढून बघायचं काम त्याच्याकडं होतं. दिवसभर फिल्म उजेडावर धरायची. ओतीवात हवा अडकून पोकळी राहिली असेल तर फिल्मवर काळा ठिपका दिसतो. ठिपका दिसला की तो भाग बाद.

तो तिशी ओलांडलेला, बायको-मुलगी असलेला माणूस. त्याला त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडून शिकवायचं होतं. गडहिंग्लजच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची जागा निघणार होती, पण पीएच.डी. असल्याशिवाय त्यांनी त्याला उभं केलं नसतं. "मॅडम, मला तुमच्याकडं रजिस्टर करून घ्या," म्हणून तो आला. कारखान्याला सोमवारी सुट्टी. सलग पाच वर्षं प्रत्येक सोमवारी तो कागलहून यायचा, डबा कपाटावर ठेवायचा आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. चित्रं एकमेकांवर बसवताना तो तोंडातल्या तोंडात मोजायचा, "ओंदु, एरडु, मूरु..." ती जुळवणी माझ्यापेक्षा चांगली यायची. हे मी तेव्हा त्याला सांगितलं नाही.

त्यानं आल्या आल्या एक नोंदवही सुरू केली आणि माझी व्हाइटनरची बाटली कपाटात ठेवून दिली.

"आमच्याकडं असं चालत न्हाय मॅडम. लिव्हलेलं पुसायचं न्हाय. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचाय आलं पायजे, आणि शेजारी सही."

"वाचता यायचंच असेल तर रेघ तरी कशाला?"

"काय चुकलं आणि कुणी दुरुस्त केलं, दोन्ही कळाय पायजे की."

मला हा कारखान्याचा काटेकोरपणा वाटला. पण वही त्याची होती, मी मान्य केलं.

दुसऱ्या वर्षी एका सोमवारी, डबे उघडायच्या वेळी, तो म्हणाला, "मॅडम, आजऱ्यात एक काळा ठिपका हाय."

"असू दे. काळ्याशी आपल्याला काय करायचंय? आपण नवा उजेड शोधतोय."

"दर तबकडीत हाय. तिथंच हाय."

"मग दुर्लक्ष यादीत असेल."

"यादीत हायच. पण तुम्ही एकदा बघा. धार न्हाय त्याला." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "फिल्मवर ओरखडा असला, न्हायतर कॅमेऱ्यातच दोष असला, तर ठिपक्याला धार येती. पोकळी असली तर कडा मऊ असत्यात. ह्याच्या कडा मऊ हाईत. शेजारच्या ताऱ्याएवढाच रुंद हाय."

"मुरगूडचाही गोल आणि मऊच होता, बसवराज. माझी अब्रू गेली त्यापायी."

त्यानं ठिपका आणखी मोठा करून बघितला. मग म्हणाला, "दर येळी काळंच येतंय म्हंजी नव्या चित्रात दोष न्हाय. संदर्भात कायतरी जास्तीचं हाय. मला वाटतंय, आजऱ्याचा संदर्भ बाद करावा."

आता ज्यांनी माझा अभिमान लक्षात ठेवला असेल त्यांना पुढचं सांगायला नको. संदर्भ मी घेतले होते. थंडीनं बोटं आखडलेली असताना, एकेक चित्र तीनतीनदा तपासून. आणि हा ओतीव लोखंडाचा माणूस त्यावर बादचा शिक्का मारायला निघाला होता.

"हा तुझा कारखाना नव्हे," मी म्हणाले.

तो "बरं" म्हणाला आणि डबा उघडला. कोल्हापूरकडचा माणूस भांडला तर काळजी नसते, आवाज चढतो आणि उतरतो. तो नुसतं "बरं" म्हणाला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. वहीत त्यानं आपल्या पद्धतीनं नोंद केली होती: 'आजरा. काळा ठिपका, कडा मऊ. संदर्भ बाद करावा.' खाली सही. मी लाल पेन घेऊन त्याच्याखाली लिहिलं, 'यंत्रदोष. दुर्लक्ष करावे.' आणि माझी सही, चांगली मोठी.

पाच वर्षांत एकही पांढरा ठिपका मिळाला नाही. खरं सांगायचं तर काही न मिळणं हेही शास्त्रात एक उत्तर असतं. कुठं शोधलं, किती मंद तारा आपल्याला दिसला असता, हे नीट मांडलं तर त्याचाही प्रबंध होतो. मी विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढं तसं म्हणून पाहिलं. समितीनं एकच विचारलं, "पण सापडलं काय?" एकदा मुदत वाढवून मिळाली, दुसऱ्यांदा नाही. बसवराजची नोंदणी रद्द झाली. त्याच उन्हाळ्यात गडहिंग्लजची जागा भरली. तो मुलाखतीला गेला होता. त्याला वर्ग कसा घेशील हे कुणी विचारलंच नाही, पदवी आहे का एवढं विचारून पाठवलं.

खोलीची किल्ली परत द्यायला तो आला तेव्हा हातात कापडी पिशवी होती. आत तांदूळ, आजऱ्याचा घनसाळ. पिशवी उघडली तसा खोलीभर वास सुटला.

"आजऱ्यात एवढंच गावलं मॅडम," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. तो भात मी बरेच दिवस शिजवला नाही.

दोन वर्षं गेली. एका सकाळी परदेशातल्या एका शास्त्रज्ञाची ई-मेल आली. ते रेडिओ दुर्बिणीनं याच दीर्घिका बघत होते. रेडिओ लहरीही धुळीला जुमानत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं की अमुक दीर्घिकेत अमुक जागी त्यांना स्फोटानंतर उरतो तसा एक अवशेष दिसतो आहे. अंदाजानं तारा नव्वदच्या दशकाच्या मध्याला फुटला असावा. त्या सुमारास कुणी अवरक्त चित्र घेतल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं; दुर्बिणीवरच्या लोकांनी माझं नाव सुचवलं होतं. तुमच्याकडं काही आहे का?

ती दीर्घिका म्हणजे आमचा आजरा. मी त्यांनी दिलेली जागा आमच्या चित्रावर मोजून बसवली. बोट काळ्या ठिपक्यावर जाऊन थांबलं.

मी खुर्चीवरून उठले, खोलीत एक फेरी मारली आणि परत बसले. ठिपका काळा का होता हे आता पहिलीच्या मुलालाही कळलं असतं. मी संदर्भ घेतला तेव्हाच तारा फुटलेला होता, माझ्या चित्रात तो झळकत होता. नंतर तो विझला. म्हणून दर वेळी नव्यातून जुनं वजा केलं की तेवढी जागा उणे होऊन काळी पडत होती. आम्ही दहा वर्षं जे शोधत होतो ते पहिल्या चित्रातच होतं, मीच टिपलेलं, आणि मीच त्यावर दुर्लक्ष करावे असं लिहून ठेवलं होतं. मुरगूडसारखी कॅमेऱ्याची चमक तर नव्हे ना, हे बघायला त्या रात्रीची माझी टिपणं काढली. ती माझ्याच घरी ट्रंकेत होती. आजऱ्याच्या आधी कॅमेरा कुठल्याही झगझगीत ताऱ्यावर गेलेला नव्हता. हे मला त्याच सोमवारी घरी जाऊन दहा मिनिटांत बघता आलं असतं.

आता एक कबुली. त्या ई-मेलला उत्तर देणं फार सोपं होतं. 'होय, आमच्या जुन्या चित्रात तो दिसतो.' एवढंच लिहायचं. चित्र माझं, शोध माझा. वहीचं कुणाला माहीत नव्हतं. एक अख्खा दिवस मी त्या उत्तराचा मसुदा मनात घोळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून वही काढली, ते पान उघडलं आणि ती माझी मोठी लाल सही पाहिली. मग वही पिशवीत घातली आणि कागलची एसटी धरली.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदारानं विचारलं, "कुणाकडं?"

"एक्स-रे विभागात. बसवराज."

"बसाप्पांच्याकडं व्हय. पावणं हाय काय तुम्ही त्यांचं?"

"त्यांची मास्तरीण."

त्यानं मला चक्क उठून सलाम केला. मला फार लाज वाटली.

बसवराज उजेडाच्या पेटीसमोर फिल्म धरून उभा होता. केस थोडे पांढरे झाले होते. मला बघून त्यानं स्टूल पुसून दिलं. मी बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं, ई-मेल, जागा, ट्रंकेतली टिपणं. नंतर म्हणाले, "तू बरोबर होतास. मी चुकले. आणि तू कारखान्यातला म्हणून मी तुझं ऐकलं नाही. माफ कर."

त्यानं फिल्म हळूच खाली ठेवली. बराच वेळ तो त्या रिकाम्या उजेडाकडं बघत होता.

"मॅडम, गडहिंग्लजची मुलाखत होऊन दोन वर्सं झाली," तो म्हणाला. आवाज चढला नाही.

मग त्यानं विचारलं, "त्या दुर्लक्ष यादीत अजून किती हायत?"

"अकरा. आजरा धरून."

"धार कुणाकुणाला हाय, बघितलंसा?"

मी बघितलं नव्हतं. एवढं होऊनही मला ते सुचलं नव्हतं.

"सोमवारी येतो," तो म्हणाला.

सोमवारी तो आला, डबा कपाटावर ठेवला, त्याच खुर्चीत बसला. आम्ही अकराच्या अकरा ठिपके मोठे करून पाहिले. दहांना धार होती, ते खरंच कॅमेऱ्याचे दोष होते. एकट्या आजऱ्याच्या कडा मऊ होत्या. मग त्यानं आजऱ्याची दोन चित्रं घेतली आणि क्रम उलटा केला, जुन्यातून नवं वजा केलं. "ओंदु, एरडु, मूरु," तो पुटपुटला आणि कळ दाबली.

पडद्यावर काळ्या जागी पांढरा ठिपका आला. गोल, मऊ, शेजारच्या ताऱ्याएवढा रुंद. दहा वर्षांत आम्हाला मिळालेला पहिला आणि एकुलता एक. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

शामराव चहा घेऊन आले. आता त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. आमची तोंडं बघून ते दारातच थांबले.

"काय झालं बाई?"

"आजऱ्यात फुटला, शामराव."

त्यांनी पडद्याकडं बघितलं, बसवराजकडं बघितलं. "ह्यांनी हुडकला व्हय?"

"हो. ह्यांनीच. फार पूर्वी."

"मग तवाच का न्हाय सांगितलं?" शामराव म्हणाले आणि कप ठेवून गेले. मेव्हण्याला कळवायचं असावं.

पुढचं थोडक्यात. शोधनिबंध झाला, त्या रेडिओवाल्यांबरोबर. त्यात बसवराजचं नाव आमच्यात पहिलं आहे. मी विद्यापीठात अर्ज केला, फेऱ्या मारल्या, नियमांत त्याची जुनी वर्षं बसवून घेता येईनात. नव्यानं नोंदणी करा म्हणाले. मी त्याला आग्रह केला. "नको मॅडम," तो म्हणाला, "आता पोरीचं शिक्षण बघू. आणि तिकडं एक्स-रेच्या खोलीत माझं बरं चाललंय." मी पुन्हा विचारलं नाही. तो अजून कागलमध्येच आहे, आता विभागप्रमुख. आजऱ्याबद्दल तो तिथं कुणाला सांगत नाही. मी हे लिहितेय म्हटल्यावरही म्हणाला, "माझं आडनाव नका घालू." नाही घातलं.

एक राहिलं. निबंधाच्या वेळी रेडिओवाल्यांनी विचारलं की तुमच्या सहकाऱ्यानं ही नोंद तेव्हाच केली होती याचा काही पुरावा आहे का. आम्ही वहीचं ते पान उघडलं. बसवराज म्हणाला, "तुमचा शेरा झाकून झेरॉक्स काढू मॅडम. उगं कशाला." त्यानं कपाट उघडलं. त्यात ती व्हाइटनरची बाटली होती, आतलं कधीच वाळलेलं.

मी लाल पेन मागून घेतलं. 'यंत्रदोष. दुर्लक्ष करावे.' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली, या वेळी लहान. पान मी जसंच्या तसं पाठवलं. मूळ वही बसवराजला दिली, ती त्याच्या घरी आहे. मी त्याला एवढीच पदवी देऊ शकले. पुढं कुणी ती वही उघडली तर त्या एका रेघेखालचं माझं म्हणणं अजून स्वच्छ वाचता येईल.